सुतकात बुडवलेली फुलं

आई गेली तेव्हा प्रयोगशाळेतल्या कुंड्यांना कळ्या आल्या होत्या. मोहरीच्या कुळातलं ते वीतभर रोप. आमचं बरंचसं काम त्याच्यावरच चालतं. मातीतला एक जिवाणू झाडात जनुक सोडू शकतो. त्याच्याकरवी आम्हाला खाऱ्या जमिनीत तग धरण्याचं जनुक त्या रोपात घालायचं होतं. जिवाणूच्या पाण्यात साखर आणि साबणासारख्या द्रवाचे थेंब टाकायचे, कुंडी उलटी धरायची आणि फुलोरा बुडवायचा. शेंगा धरल्या की वेळ गेली.

आईला हे सांगितलं होतं. भेस्तान वस्तीतल्या आमच्या घरात, पर्वत पाटियाच्या व्यापाऱ्याकडून मजुरीवर आलेल्या साडीवर ती खडे चिकटवत बसली होती.

"फुलेसले आंघोळ घालस तू?" ती हसली. मग म्हणाली, "कोनले लागू पडनं, ते कशे समजस?"

मी म्हटलं, बी धरलं की ते रोप मारणारं औषध घातलेल्या बशीत पेरायचं. आमच्या जनुकासोबत त्या औषधापासून वाचवणारं जनुकही जातं; ते ज्यात गेलं ते रोप हिरवं राहतं, बाकीची पिवळी पडून मरतात. ढीगभर पेरल्यावर एखादं हिरवं.

"ते एखादं माले दखाडजो."

त्यानंतर ती आजारी पडली. तिला कुठलंच औषध लागू पडलं नाही.

सुतकात आमच्याकडे फुलांना हात लावत नाहीत. देव्हाऱ्यावर कापड टाकलेलं होतं. मी चपला घालू लागले तशी भिंतीला टेकलेली आत्या म्हणाली, "माय गई, आन् पोर फुलेसले हात लावाले चालनी."

वडील हळू म्हणाले, "ती देवनी फुलं नहीत, बाई. पोरनं काम शे."

मी गेले. एकेक कुंडी उलटी करून फुलोरा पाण्यात धरला. झाडं आडवी ठेवून वर प्लॅस्टिक झाकलं. पांढरी फुलं इतकी बारीक की ओली झाल्यावर दिसेनात.

बी पिकलं, वाळलं, बशांत पेरलं. रोज संध्याकाळी वडील दारातच विचारायचे, "हिरवं शे का?" पहिले काही दिवस सगळंच हिरवं होतं. मग पानं फिकट होत गेली. मी बशा खिडकीशी नेऊन, उजेडाला धरून पाहिल्या. एकही रोप वाचलं नव्हतं. अशा बशा नुसत्या टाकून देता येत नाहीत. वाफेच्या भांड्यात घालून त्यांतलं सगळं आधी मारावं लागतं. तेही मीच केलं.

त्या संध्याकाळी वडिलांना सांगितलं. आत्या आतच होती. तिने ऐकलं असणार.

"पहिल्या खेपेला असं होतं," मी म्हटलं. ते खरंच होतं. तरी मला माझ्या हातांकडे बघवत नव्हतं.

वडिलांनी आईच्या खड्यांचा डबा फळीवर थोडा आत सरकवला.

"परत फुलं येतीन का?"

"येतील. नव्या रोपांना."

"मंग तवय सूतक नही ऱ्हाई," ते म्हणाले, आणि दिवा लावायला उठले.