दारामागची दशम्यांची पिशवी

नागपूरकडच्या वॉटर पार्कला दोन दिवस राहायचं ठरलं, तेव्हा माझी एकच अट होती : खोली रिसॉर्टची घ्या, जेवण मात्र घरचं. तिथल्या एका थाळीच्या पैशात आमचा आठवड्याचा भाजीपाला येतो! खमरियाच्या आमच्या फॅक्टरी-क्वार्टरात पहाटे उठून मी दशम्या केल्या. पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवली, म्हणजे टिकतात.

रिसॉर्टवर पोचल्यावर पाहते तर पिशवीच नाही. नवऱ्यानं कपाळावर हात मारला. "अरे, घरीच राहिली! चलो, आता इथंच जेवू." मुलं डायनिंग हॉलकडे धावली. मी वेडी, उलट त्याचीच समजूत घालत बसले.

दोन दिवसांनी घरी परत आलो तर पिशवी दारामागं होती. वरून माझी जुनी साडी नीट पांघरलेली. विसरलेल्या पिशवीवर कोणी पांघरूण घालतं का?

"काहून केलं असं?" मी मुलीला विचारलं.

"मम्मी, वहाँ सबके सामने दशमी कौन खाता? आम्ही तिघांनी ठरवलं होतं."

तिघांनी. घरात माणसं चार.

दशम्या अजून मऊ होत्या. तिघांना ताटावर बसवलं आणि शेवटची दशमी संपेपर्यंत एकालाही उठू दिलं नाही.