खिडकीकडचा बाक

दादाला जाऊन तीन महिने झाले. भेटायला येणारे त्याच्या शेतीबद्दल बोलतात, त्याच्या पलटणीबद्दल बोलतात. सांगलीच्या दवाखान्याबद्दल कुणी बोलत नाही. तो आम्हां तिघांनाच ठाऊक होता आणि त्यांतला आता मी एकटा उरलो आहे.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. लढाई संपून वर्ष झालं होतं आणि दादा दोन महिन्यांच्या रजेवर खटाव तालुक्यात, वडूजकडच्या आमच्या गावी आला होता. आल्यापासून त्याला झोप नव्हती. जेवण कमी झालं होतं, बोलणं त्याहून कमी. काहीही विचारलं की “ठीक हाय” एवढंच. आमचे वडील, अण्णा, धास्तावले होते ते निराळ्याच गोष्टीनं. लष्करी दवाखान्यात दाखवलं तर कागदावर वेड येणार आणि कागदावर आलं की नोकरी जाणार. रानात काही पिकलं नव्हतं. घर चालत होतं ते दादाच्या मनिऑर्डरीवर.

मी सांगलीला कॉलेजात होतो. अण्णा त्याला एस.टी.नं माझ्या खोलीवर घेऊन आले आणि परत जाताना स्टँडवर मला बाजूला घेऊन म्हणाले, “डाक्टरम्होरं मिलिटरीचं नाव काढायचं न्हाई. शेतकरी हाय म्हनायचं. शिकलायस तू, तूच बोल. आन् मोठ्या डाक्टरलाच दाखीव.”

दवाखाना एका कौलारू बंगल्यात होता. मनाच्या आजारांचाच तो, पण पाटीवर ‘मज्जाविकार’ असा शब्द होता. तो वाचून काही लोक कंबरदुखी घेऊन येत. आत तीन डॉक्टर होते आणि बाहेरच्या सोप्यात तीन बाक. म्हातारा कंपाउंडर आल्यागेल्याला ते समजावून देई.

“भिताडाकडचा बाक मोठ्या सायबांचा. एकलंच बोलनारी, भांडनं काढनारी, गप बसनारी, समदी तितं. मधला बाईंचा, लेकरं आन् बाळंतिनी. खिडकीकडचा बुधवारच्या सायबांचा. ज्यांची झोप उडलीया, धास्ती बसलीया, ती तितं. तुमी कुठलं?”

झोप उडालेली होती, हे मला माहीत होतं. पण अण्णांनी मोठे डॉक्टर सांगितले होते. मी दादाला भिंतीकडच्या बाकावर बसवलं.

मोठे डॉक्टर शांत होते, घाई करत नसत. ते दादाला विचारत आणि उत्तर मी देई. हे शेती करतात, काळजीनं असं झालंय. मधेच दादा म्हणे, “ठीक हाय.” तीन आठवडे गोळ्या झाल्या. चौथ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, “गोळ्यांनी फरक दिसत नाही. येत्या सोमवारपासून शॉक देऊ. भिऊ नका, पुष्कळांना गुण येतो. त्याआधी बुधवारच्या डॉक्टरांना एकदा बघू दे.”

त्या वेळी दादाची रजा दोन आठवडे उरली होती.

बुधवारी आम्ही खिडकीकडच्या बाकावर बसलो. हे डॉक्टर मिरजेहून येत. आम्ही आत गेलो तेव्हा ते बशीतून चहा पीत होते. कुठले, काय करता, विचारलं. मी नेहमीचं सांगितलं. जिरायत आहे, शाळू असतो.

ते दादाकडं वळले. “यंदा शाळू कसा आला?”

“ठीक हाय,” दादा म्हणाला.

डॉक्टरांनी बशी खाली ठेवली. “अख्खा खटाव तालुका दुष्काळी कामावर खडी फोडतोय आणि तुमचा शाळू ठीक?” मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, “आता खरं सांगा. हे काय करतात?”

मला स्टँडवरचे अण्णा दिसले. सोमवारही दिसत होता. मी सांगून टाकलं. लान्स नाईक आहेत, लढाईवर होते.

ते रागावले नाहीत. “हे या खोलीतच राहील. कुणाला कळवायचं, ते यांनी ठरवायचं.” मग ते खुर्चीत सरळ बसले. काही वर्षं ते लष्कराच्या दवाखान्यात नोकरीला होते, हे मला नंतर समजलं. निराळ्याच आवाजात ते म्हणाले, “लान्स नाईक, रात की रिपोर्ट.”

दादा उठून उभा राहिला. हात सरळ, नजर समोरच्या भिंतीवर.

“साब. दस से दो, नींद नहीं. दो बजे आवाज आयी. किसी ने पानी माँगा. मैं पानी लेके गया. वहाँ कोई नहीं था, साब.”

“कल?”

“कल भी, साब. रोज.”

तीन आठवडे मी त्याच्या उशाशी बसून ‘काय होतंय’ विचारत होतो. कसं होतंय, हे सांगायची त्याला सवयच नव्हती. पहाऱ्याचा रिपोर्ट द्यायची होती.

बाहेर पडल्यावर चपला घालताना दादा म्हणाला, “गड्या, तू लय खोटं बोलतूस रं. आन् बोलतूस बी झ्याक.” त्या रजेतला त्याचा हा पहिला विनोद.

शॉक दिले नाहीत. आणखी एक बुधवार झाला. डॉक्टरांनी पलटणीच्या डॉक्टरला चिठ्ठी लिहिली आणि न चिकटवता दादाच्या हातात दिली, द्या नाहीतर फाडा म्हणाले. दादानं ती दिली. सहा महिन्यांनी तो कायमचा घरी आला. “शिकून घर बुडीवलंस,” अण्णा मला म्हणाले, आणि पुढची दिवाळी येईपर्यंत बोलले नाहीत.

लग्न दादानं केलं नाही. आमची ती जिरायत त्यानं चाळीसहून जास्त वर्षं कसली. मी साताऱ्यात शिक्षक झालो. आधी पोस्टकार्डावर, मग फोनवर त्याचा रिपोर्ट यायचा. “दोनला एकदा. बाकी ठीक.” कधी “दोनदा.” मी “बरं” म्हणायचो. पुढं काही विचारायचं नसे.

शेवटच्या आजारात तो माझ्याकडंच होता. जायच्या आदल्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाला, “रातभर कुनी पानी मागाया आलं न्हाई रं. जरा चुकल्याचुकल्यागत वाटतंय.”

हल्ली दोनच्या सुमाराला मला जाग येते. उठून पाणी पितो आणि पुन्हा पडतो. सकाळी हे सांगायला कुणी नसतं, म्हणून इथं लिहून ठेवलं.