पावसाळ्यातला पंचनामा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. सांगून काय होणार होतं? तरी सांगते.

धाकट्या डहाणूत खाडीकाठी एक सरकारी जागा होती. बायका तिथं बांबू रोवून बोंबील वाळवायच्या. पंचायतीत बायकांनाही घ्यायला लागले, मी सभासद झाले, आणि त्याच वर्षी एका व्यापाऱ्यानं ती जागा लाकडाच्या वखारीसाठी मागितली. अर्ज पंचायतीच्या अभिप्रायाला आला.

तलाठी पाहणीला आला तो आषाढात. होड्या वर ओढलेल्या, बांबू उपटून घरोघरी माळ्यावर. जागा वापरातली कशी दिसणार? तलाठी सायवनकडचा, भातशेतीतला. त्याला कसं कळावं? त्यानं लिहिलं — जागा मोकळी, कोणाच्या वापरात नाही. मग मला विचारलं, "बाई, तुमचं काही म्हणणं?"

मला ठाऊक होतं. माझी थोरली जाऊ हिरा विधवा, पदरी दोन मुली; तिचं घर त्याच जागेवर चालायचं. आमचं वाळवण अंगणातच व्हायचं. आणि — चार दिवसांपूर्वी विहिरीवर ती म्हणाली होती, "आमची जाऊ पंचायतीत खुर्ची उबवायला जाते." सगळ्या हसल्या होत्या.

एवढ्यावरून? हो, एवढ्यावरूनच.

"काही नाही," मी म्हटलं. सही केली.

दसऱ्यानंतर बोंबील लागला. बायका बांबू घेऊन गेल्या, तर तारेचं कुंपण. हिरा तडक माझ्याकडे आली. मला वाटलं, आता तोंड सोडणार. ती ओट्यावर बसली नि हळूच म्हणाली, "तू होतीस ना गो तिथं? तू बोलली असशीलच."

तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं — नाही का?

"बोलले, जाऊबाई. कुणी ऐकलं नाही."

तिनं मानलं. थोरल्या मुलीला शाळेतून काढून टोपली दिली. मायलेकी सरावली गावात दारोदार ओली मासळी विकू लागल्या. आणि आमच्या गावात घरोघर हिरा सांगत राहिली, की पुरुषांत माझी जाऊ एकटी भांडली. पुढच्या निवडणुकीत बायकांनी मला मतं दिली ती तिच्या शब्दावर. मी ती घेतली.

परवा थोरलीचं लग्न झालं. हिरानं नव्या जावयाला माझ्यापुढं आणलं. "हिच्या पाया पड. आपल्यासाठी भांडलेली बाई आहे."

तो वाकला. मी पाय मागे घेतले नाहीत.