विस्तवातला पेला

कुठे चंदन जळलं की मला त्या पारशीणबाई आठवतात. नवऱ्याच्या नोकरीपायी त्या मुंबईहून आगबोटीने रत्नागिरीला आलेल्या. मी नवी सून, मला आमच्या पडवीत क्रोशाचं विणकाम शिकवत. विणता विणता सांगत, इराणातलं राज्य गेल्यावर जरथुष्ट्राला मानणारे त्यांचे पूर्वज गलबतांतून गुजरातेत उतरले, तिथे त्यांनी अग्नी स्थापला आणि संकटात गावोगाव नेला, पण चंदन घालत घालत जपला, विझू दिला नाही. ऐकताना सासूबाई डोळे पुसत, “तुम्ही आमच्याच हो,” म्हणत पितळी पेल्यातून गूळपाणी देत. एकदा बाई विसरलेली छत्री न्यायला मागच्या दाराने परत आल्या, तर सासूबाई तोच पेला चिमट्याने विस्तवात धरून शुद्ध करत होत्या. बाईंनी छत्री उचलली. “हे काम पन अग्नीलाच सांगितला?” एवढंच म्हणाल्या आणि गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. “आमच्याच म्हणालात ना त्यांना?” मी रडतच विचारलं. “तसं म्हणायचं असतं गो,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. लग्न होऊन उंबरठ्यावर आले, तेव्हा “तू माझी लेकच” असं त्या मलाही म्हणाल्या होत्या. आता त्या नाहीत, मीच सासू झाले. पण त्या दिवसानंतर ते वाक्य मी कधी खरं मानलं नाही.