हातावरचं मीठ

बर्फ वितळावा म्हणून मी घरासमोरच्या वाटेवर बादलीभर उकळतं पाणी ओतलं.

ओतताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. आजूबाजूचे लोक फावडी घेऊन खरवडत बसले होते आणि मी, पुण्यात बंबाच्या पाण्यावर वाढलेला माणूस, एका बादलीत विषय संपवून चहा प्यायला आत गेलो. चहा घेऊन बाहेर आलो तोवर वाटेची काच झाली होती. पहिलं पाऊल मी टाकलं. पुढचा सगळा प्रवास वाटेनंच करवला. फाटक गेलं, पेव्हमेंट आला, आणि मी ड्रेसिंग गाऊनसकट बसल्या बसल्या उतारावरून खाली निघालो, तो एका बुटांच्या जोडीला आपटून थांबलो. बुटांच्या वर रस्ताकामगारांचं असतं तसलं पिवळंधमक हाय-विझ जॅकेट होतं आणि जॅकेटच्या वर आमच्या नागपूरच्या शेजाऱ्याचं तोंड.

"काय बे," तो म्हणाला, "सकाळी सकाळी सडा टाकून राहिला का?"

या माणसाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत; चांगला एकही सापडत नाही म्हणून वेळ लागतोय. माझ्याच वयाचा, दोन घरं सोडून राहणारा. आमची ब्रिस्टलमधली गल्ली इतक्या चढाची की कौन्सिलचा मिठाचा ट्रक तिच्या तोंडाशी येतो, वर बघतो आणि निघून जातो. म्हणून कौन्सिलनं कोपऱ्यावर एक पिवळी पेटी ठेवली आहे, ग्रिट बिन. आत तपकिरी खडेमीठ, वाळूसारखं ओलसर. गोठलं की ते रस्त्यावर पसरायचं आणि त्यासाठी गल्लीतला एक स्वयंसेवक नेमायचा. तो निवडायला गल्लीची मीटिंग भरली, तिथे मी हात वर करणारच होतो, पण हातात समोसा होता. नागपूरकरानं आपला समोसा आधीच संपवला होता. त्याला जॅकेट मिळालं, फावडं मिळालं, आणि तेव्हापासून तो हिवाळाभर गल्लीतून असा चालतो, जणू बर्फ त्याच्या परवानगीनं पडतो.

तर मला उठवून त्यानं पेटीचं झाकण उघडलं, मूठभर मीठ काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "घे. पाणी नाही, हे टाकायचं असतं."

इथेच सगळं बिघडलं. आमच्या घरात मीठ कधी कुणाच्या हातावर देत नाहीत. वाटी खाली ठेवायची, समोरच्यानं उचलायची. हातावर दिलं की भांडण होतं, हे आई इतक्या खात्रीनं सांगायची, की जसं काही तिनं करून पाहिलं होतं. मी ते मीठ हातावर घेतलं. म्हणजे जे पुढं झालं त्यात माझा काही दोष नाही.

त्यानं ती गोष्ट इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर सांगितली. मग गल्लीच्या ग्रुपवर, इंग्रजीत, सडा म्हणजे काय ते समजावून. संक्रांतीला लोक तीळगूळ हातावर ठेवून "गोड बोला" म्हणायचे आणि त्याच तोंडानं पुढं, "काय सडेकर, यंदा रांगोळी कधी?" सडेकर! पिढ्यान्‌पिढ्यांचं आडनाव एका बादलीत वाहून गेलं. समोर राहणाऱ्या म्हाताऱ्या इंग्रज बाईसुद्धा मला "मिस्टर साडा" म्हणायला लागल्या. त्यांना ते खरंच माझं नाव वाटलं होतं.

मी ठरवलं, हे नाव त्याच्याच गळ्यात मारायचं. ज्या पेटीच्या जिवावर तो मिरवतो, ती पेटी ऐन वेळी रिकामी निघाली पाहिजे.

ऐन वेळ घरातच होती. शनिवारी आमच्याकडे बायकोचं हळदीकुंकू होतं. ब्रिस्टलभरच्या मराठी बायका पैठण्या नेसून त्या चढावरून वर येणार होत्या, आणि हवामानवाले कडक गोठणार म्हणून सांगत होते. नागपूरकरानं बायकोला आधीच शब्द दिला होता, "वहिनी, काळजी करू नका. रस्ता माझ्याकडे लागला." बायको म्हणाली, "भाऊजी आहेत म्हणून निभावतं हो." मला ऐकू जाईल अशा आवाजात.

शुक्रवारी दुपारी तो ऑफिसात, बायको वाण आणायला बाहेर. मी व्हीलबॅरो काढली आणि पेटीतलं मीठ फेऱ्या करकरून आमच्या गराजमध्ये आणून ओतलं. आमचं घर रस्त्याच्या पातळीला आहे आणि गराज घराच्या बाजूनं खाली, गाडी आत न्यायच्या तीव्र उताराच्या ड्राइव्हच्या तळाशी. भरलेली गाडी खाली नेताना ती मला ओढायची, रिकामी वर आणताना मी तिला शिव्या घालायचो. समोरच्या बाई खिडकीतून हात हलवत होत्या. अंगठा वर करून "वेल डन, मिस्टर साडा!" म्हणाल्या. मीही अंगठा दाखवला. शेवटी गराजला कुलूप घातलं आणि पुरावा नको म्हणून ड्राइव्हवर सांडलेलं मीठ कणन्‌कण झाडून काढलं. इतकं स्वच्छ मी आयुष्यात काही झाडलेलं नाही.

बेत साधा होता. नागपूरकर सगळ्यांदेखत झाकण उघडणार, आत काही नाही. तो तोंडघशी पडणार. जमलं तर खरोखरचाही पडणार. आणि मग मी गराजमधून "माझ्याकडचं थोडं शिल्लक आहे" असं म्हणत बादली घेऊन येणार. शुक्रवारी मी फार गाढ झोपलो. सुडासारखी झोपेची गोळी नाही.

शनिवारी सगळं माझ्या मनासारखं झालं. गल्ली टणक गोठलेली. दुपारी बायका चढाच्या पायथ्याशी गोळा झाल्या. वर पैठण्या, खाली वेलिंग्टन बूट, एकमेकींचे दंड धरून. नागपूरकर जॅकेट घालून पेटीपाशी गेला, फावडं खांद्यावर, एकीला म्हणालासुद्धा, "बघा आता." त्यानं झाकण उघडलं. आत वाकला. आणखी वाकला. पेटीच्या तळाला फावडं लागल्याचा जो खडखडाट झाला, तो मी माझ्या दारात उभा राहून ऐकला. सनईचौघडा झक मारतो त्यापुढे.

"कोणी चोरलं बे मीठ?" तो ओरडला.

मी क्षणभर ते तोंड डोळे भरून पाहिलं. मग घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "थांबा! घाबरू नका! मी आणतो!" आणि रुबाबात वळून ड्राइव्हवर पाय ठेवला.

दोन घरांच्या सावलीतला तो ड्राइव्ह. ज्यावर मी मिठाचा एक कण शिल्लक ठेवला नव्हता.

या खेपेला मी पोटावर गेलो. गराजचं दार धाडकन वाजलं आणि कुंपणं धरत धरत चढलेल्या पैठण्यांची रांग वर ड्राइव्हच्या कठड्याशी येऊन उभी राहिली. उठलो, दोन पावलं चढलो, परत दाराशी. कुंपण धरून चढलो, कुंपणाची फांदी घेऊन परत दाराशी. पाठीमागे कुलपाआड अख्ख्या गल्लीचं मीठ, आणि मी त्याच्या दारात मिठाविना अडकलेला. दार उघडावं तर सगळ्यांदेखत चोर, न उघडावं तर तिथेच गोठणार.

"अहो, गराज उघडून आत तरी उभे राहा," वरून बायको म्हणाली. "थंडीनं निळे पडलात."

"किल्ली नाहीये."

"खिशात वाजतेय ती काय घंटा आहे?"

"तिचं कुलूप गोठलंय," मी म्हणालो. दात वाजत असताना खोटं नीट बोलता येत नाही.

तेवढ्यात समोरच्या बाई काठी टेकत आल्या. भाबडेपणानं सगळ्यांना सांगू लागल्या, की काळजीचं काहीच कारण नाही, मिस्टर साडांकडे आत भरपूर मीठ आहे. काल दुपारभर एकटे वाहत होते बिचारे. किती करतात गल्लीसाठी!

कठड्यावरच्या सगळ्या माना गराजच्या दाराकडे वळल्या. मग नागपूरकर हळूच म्हणाला, "उघड बे."

मी उघडलं. जुन्या सुटकेसांच्या मधोमध तो तपकिरी ढीग बाजारात मांडल्यासारखा दिसत होता. मग मला तिथून मुठी भरभरून मीठ वर फेकत, फेकलेल्या जागेवर एकेक पाऊल टाकत, चढून यावं लागलं. बायका मोजत नव्हत्या, पण हसत होत्या. एकीनं तर माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळायची गरजच उरली नाही म्हणून सांगितलं. शेवटच्या टप्प्याला मुठीतलं संपलं. मी हात पसरून म्हणालो, "अरे, जरा हात दे."

तो कठड्यावर फावडं टेकून उभा राहिला. "हात देईन, पण मीठ नाही देणार बे हातावर. भांडण होते ना."

हे त्याला माझ्या बायकोनं सांगितलं होतं! तेव्हापासून या सुडाच्या यादीत मी तिलाही घेतलं आहे. माझा निश्चय तसूभर ढळलेला नाही. हिवाळे काय, दरवर्षी येतात.

वर ओढून काढल्यावर नागपूरकरानं माझ्या गुडघ्यांवरचं मीठ झटकलं आणि बायकोला विचारलं, "वहिनी, हे सगळं मीठ परत पेटीत भरायला दोघंतिघं पोरं बोलावू का?"

बायको हातातली हळदीकुंकवाची तबकडी सावरत म्हणाली, "कशाला, भाऊजी? यांनीच रिकामी केली, हेच भरतील. अक्कल कधी नव्हतीच, कंबर अजून शाबूत आहे."