काशाची वाटी

एमआरआयच्या खोलीबाहेर ‘धातूची वस्तू आत नेऊ नये’ अशी पाटी आहे आणि तिच्याखाली माझी आई मांडीवर काशाची वाटी घेऊन बसली आहे. निघण्याच्या घाईत ती हातातच राहिली.

रोज झोपताना आई बाबांच्या तळव्यांना तूप लावून ही वाटी घासते. बाबांना गुदगुल्या होतात, ते पाय ओढून घेतात. आज सकाळी त्यांचा उजवा हात उचलेना, तोंडातून शब्द फुटेना. “वात असेल,” म्हणत आईने वाटी घेतली. उजवा पाय त्यांनी ओढला नाही, तेव्हा मात्र ती घाबरली.

“ते शेवटचे व्यवस्थित कधी होते?” डॉक्टरांनी विचारलं.

“रात्री. पाय ओढला होता ना त्यांनी.”

मधली सगळी रात्र कुणीच पाहिलेली नाही. शेजारी झोपलेल्या माणसाचं आपल्याला किती थोडं ठाऊक असतं. पक्षाघाताचा झटका कधी आला हे घड्याळाला सांगता येत नाही, म्हणून औषधाची वेळ उरली आहे का, ते आता मेंदूच्या चित्राला विचारायचं.

डॉक्टर पडद्यावर बोट ठेवतात. “एवढा भाग गेला. भोवतीचा अजून तग धरून आहे. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध देता येईल, पण रक्तस्रावाचा धोका आहे. देऊ?”

आई वाटी माझ्या हातात देते आणि म्हणते, “द्या.”

औषध थेंबथेंब चाललंय. आई चादरीखाली हात घालून बाबांच्या उजव्या तळव्यावरून बोट फिरवते. मघाशी डॉक्टर पडदा वाचत होते, तसा मी तिचा चेहरा वाचते आहे. ती पुन्हा बोट फिरवते. हात काढून घेत नाही.