‘शोधलेलं’ बेट

मुलीच्या पुस्तकात ‘डिस्कव्हर्ड’ शब्द वाचला आणि माझं डोकं सणकलं. काउआई बेटावरची ती दमट दुपार आठवली. नागपूरहून आलेल्या बाबांना घेऊन आम्ही टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँडहून हवाईला गेलो होतो. समुद्राकाठच्या स्मारकावर कोरलं होतं, एका इंग्रज कप्तानाने ही बेटं शोधली.

बाबा भडकले. “शोधली? मग इथे राहत होते ते कोण?”

“बाबा, हळू. लोक बघतायत.”

“बघू देत! आमच्या वस्तीलाही गावात कुणी माणसांत धरत नव्हतं.”

घामाने डबडबलेले बाबा दगडाकडे पाठ फिरवून तरातरा कारकडे निघाले. फोटो कॅन्सल. तेव्हा मला वाटलं, सुट्टीवर येऊन कसला हा राग! आता वाटतं, तो कमीच होता.